राणी आली, अंडी कधी?

मधमाश्यांची पेटी घरी आणली की येणारा-जाणारा एकच प्रश्न विचारतो, मध कधी निघणार? पण ज्यांनी एक-दोन वर्षं पेटी सांभाळली आहे त्यांना विचारा, यातले सर्वांत अवघड दिवस कोणते. ते मध काढायचे दिवस सांगणार नाहीत, डंख खाल्ल्याचे दिवसही सांगणार नाहीत. ते सांगतील, जुनी राणी गेलेली असते, नवी जन्माला आलेली असते, आणि पोळ्यात एकही अंडं दिसत नाही ते दोन-तीन आठवडे. चांगल्या चालत्या पेट्या याच दिवसांत हातच्या जातात. कधी राणीच्या नशिबामुळे, पण बरेचदा माणसाच्या घाईमुळे.

आपल्या वाचक घरांपैकी कोकणात आणि घाटमाथ्यावर राहणाऱ्या काही घरांत आता पेट्या आल्या आहेत. परसात, काजूच्या बागेत, नारळाखाली दोन-चार पेट्या ठेवून घरच्या बायकाही हे काम करू लागल्या आहेत. महाबळेश्वरला राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ साली ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं, त्यानंतर कोल्हापूर जिल्ह्यातल्या पाटगावचं नाव त्यात आलं. मंडळाच्या योजनेत निम्मं अनुदान मिळतं आणि निम्मे पैसे आपल्याला घालावे लागतात. ते निम्मे पैसे बहुतेक घरांत बचतीतून आलेले असतात. म्हणून पेटी रिकामी होताना बघणं जिवावर येतं. या महिन्यात त्याच दिवसांबद्दल बोलू.

आपल्याकडे पेटीत पाळतात ती सातेरी माशी. ती झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, अंधारात एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते, म्हणून लाकडी पेटीतल्या चौकटींवरही ती रमते. आग्या माशी आणि फुलोरी उघड्यावर एकच पोळं लावतात, त्या पेटीत राहत नाहीत. सातेरीच्या एका पेटीत काही हजार कामकरी माश्या असतात, हंगामात थोडे नर असतात आणि राणी एकच. चांगली राणी दिवसाला काही शे अंडी घालते. कामकरी माशीचं आयुष्य कामाच्या हंगामात साधारण सहा आठवड्यांचं. म्हणजे रोज शेकडो माश्या मरतात आणि रोज शेकडो जन्मतात. जन्म थांबला की पेटी लगेच बंद पडत नाही, पण गळक्या टाकीसारखी उतरू लागते.

राणी बदलते कशी, ते आधी पाहू. एक म्हणजे, पेटी भरली, फुलोरा चांगला असला की माश्या नव्या राणीची तयारी करतात आणि जुनी राणी निम्म्याहून अधिक माश्या घेऊन नवं घर शोधायला निघून जाते. दुसरं, राणी म्हातारी झाली, अंडी कमी झाली की माश्या स्वतःच तिच्या जागी दुसरी तयार करतात. तिसरं, राणी अचानक मरते. चौकट उचलताना दबूनही मरते. तिन्ही वेळा नवी राणी बनते ती साध्या अंड्यातूनच. ज्या अंड्यातून कामकरी माशी झाली असती, त्यातल्या अळीला राणीघरात शेवटपर्यंत रॉयल जेली खाऊ घातली की तीच राणी होते. हे राणीघर बाकीच्या षटकोनी घरांसारखं नसतं. ते भुईमुगाच्या शेंगेसारखं पोळ्याच्या कडेला खाली लोंबतं. राणी बाहेर यायच्या एक-दोन दिवस आधी त्याच्या टोकावरचं मेण माश्या काढून टाकतात आणि टोक तपकिरी दिसू लागतं. राणी आतून गोल कातरून बाहेर येते. टोकाला झाकणासारखी फट दिसली तर समजायचं, बाई बाहेर आल्या.

वर्गात हे शिकवताना मुलं नेहमी विचारतात, “बाई, मग राजा कुठे असतो?” प्रश्न चुकीचा नाही. हजारो वर्षं मोठमोठ्या विद्वानांनाही पेटीत राजाच दिसत होता. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने त्याला राजा म्हटलं. अरबीत मधमाश्यांच्या सरदाराला ‘यअसूब’ म्हणतात, तो शब्दही पुल्लिंगीच. सतराव्या शतकात डच शास्त्रज्ञ स्वामरडाम याने माशी चिरून भिंगाखाली पाहिली तेव्हा त्या ‘राजा’च्या पोटात अंडाशय निघालं. आज उर्दूच्या पुस्तकात आपली मुलं ‘मलका मक्खी’ वाचतात आणि मराठीत ‘राणीमाशी’, त्यामागे एवढा प्रवास आहे. ‘नहल’ म्हणजे मधमाशी. कुरआन शरीफमधल्या सोळाव्या सूरहचं हे नाव आपल्या घरातल्या लहान मुलांनाही तोंडपाठ असतं. त्या माशीचं घर आतून कसं चालतं, हेही त्यांना सांगायला हवं.

आता दिवस मोजू. फळ्यावर मांडतो तसे मांडू, कारण या कामात धीर येतो तो हिशेबातूनच.

राणीचं अंडं तीन दिवसांत फुटतं. अळी पाच दिवस खाते. मग राणीघर बंद होतं, आणि अंडं घातल्यापासून पंधरा-सोळाव्या दिवशी राणी बाहेर येते. जुनी राणी बहुधा राणीघर बंद झालं की निघून जाते. म्हणजे तुमच्या पेटीतून अर्ध्या माश्या उडून गेल्या त्या दिवसापासून साधारण आठवड्याने नवी राणी जन्मते.

जन्मली म्हणून ती लगेच अंडी घालत नाही. पहिले पाच-सहा दिवस तिचं अंग तयार होण्यात जातात. या दिवसांत ती जुन्या राणीपेक्षा बारीक आणि फार चपळ असते. चौकट उचलली की ती पळते, कोपऱ्यात लपते, कामकरी माश्यांत मिसळते. जाणत्या माणसालाही सापडत नाही. म्हणून ‘राणी दिसली नाही’ याचा अर्थ ‘राणी नाही’ असा कधीच घेऊ नये. मग उघडीप आणि ऊन असेल त्या दिवशी ती मिलनासाठी बाहेर उडते. परत आली की दोन-तीन दिवसांत पहिलं अंडं. सगळं सुरळीत झालं तर जन्मापासून दहा-बारा दिवस लागतात. आभाळ भरून राहिलं, वारा सुटला, पाऊस आला, तर दोन आठवडे, अडीच आठवडेही लागतात.

दुसऱ्या बाजूला जुन्या राणीच्या शेवटच्या अंड्यांचा हिशेब करा. अंड्यापासून कामकरी माशी बाहेर यायला साधारण तीन आठवडे लागतात. जुनी राणी गेली त्या दिवशी तिने घातलेलं अंडं वीस-एकवीस दिवसांनी माशी होऊन बाहेर पडतं. त्यानंतर पोळ्यात ना अंडं, ना अळी, ना बंद झालेलं घर. आणि नव्या राणीचं पहिलं अंडं? एक आठवडा जन्माला, दीड-दोन आठवडे त्यानंतर. म्हणजे तेही याच सुमाराला.

ही गोष्ट नीट लक्षात घ्या. पेटी सर्वांत रिकामी दिसते तो आठवडा आणि पहिलं अंडं पडायचा आठवडा जवळजवळ एकच असतो. माणूस घाबरतो तो नेमका त्याच वेळी. तेव्हाच तो चौकटी उलट्यापालट्या करतो, कुणाकडून तरी राणी मागवतो, पेटी दुसऱ्या पेटीत मिसळून टाकतो. आणखी चार-पाच दिवस थांबला असता तर त्याचं काम आपोआप झालं असतं.

राणी अचानक मेली असेल तर हिशेब थोडा बदलतो. तेव्हा माश्या पोळ्यात असलेल्या अगदी लहान अळीपासून राणी करतात, ती अकरा ते तेरा दिवसांत बाहेर येते. पुढे दोन आठवडे अंड्यांसाठी, आणि त्या अंड्यांतून माश्या यायला तीन आठवडे. बेरीज सात आठवड्यांच्या आसपास जाते. कामकरी माशीचं आयुष्य सहा आठवडे आहे, हे वर सांगितलंच. जुन्या राणीची शेवटची अंडी पहिले तीन आठवडे माश्या देत राहतात म्हणून पेटी तगते, पण ताणून ताणून तगते. यात आणखी दोन-तीन आठवडे आपल्या चुकीने वाढले तर ती बसते. म्हणून वाट पाहणं म्हणजे विसरून जाणं नव्हे.

राणी बाहेर जाते आणि तिथेच तिचं मिलन होतं, हे जगाला ज्याने पटवलं तो माणूस आंधळा होता. फ्रांस्वा ह्यूबर, जन्म १७५०, गाव जिनिव्हा. तरुणपणीच त्याची दृष्टी गेली. त्याचा नोकर बुर्नां हा पेटीत पाहायचा आणि सांगायचा, ह्यूबर प्रश्न विचारायचा आणि ‘पुन्हा बघ’ म्हणायचा. दोघांनी मिळून राण्या कोंडून ठेवल्या, सोडल्या, जाण्या-येण्याच्या वेळा टिपल्या. कोंडलेली राणी अंडी घालत नाही, बाहेर जाऊन आलेली घालते, हे त्यांना दिसलं. १७९२ साली त्याचं पुस्तक निघालं. त्यात पेटीवाल्याच्या दृष्टीने फार मोलाची एक गोष्ट होती. जन्मानंतर तीन आठवड्यांपर्यंत राणीला बाहेर जाता आलं नाही आणि मिलनाला उशीर झाला, तर पुढे ती अंडी घालते खरी, पण त्यातून फक्त नर निघतात.

असं का होतं, ते समजायला अर्धं शतक जावं लागलं. १८४५ च्या सुमारास सायलेशिया प्रांतातल्या यान जेर्झोन या पाद्र्याने सांगितलं की नर हा फळलेल्या अंड्यातून येतच नाही. अंड्याला नराचं बीज मिळालं तर कामकरी माशी किंवा राणी, नाही मिळालं तर नर. राणी त्या एक-दोन उड्डाणांत दहा-पंधरा किंवा त्याहूनही जास्त नरांकडून बीज घेते, पोटातल्या एका लहानशा पिशवीत साठवते आणि पुढे आयुष्यभर तेच वापरते. अंडी घालायला लागली की मिलनासाठी ती पुन्हा बाहेर जात नाही. त्या दोन-चार दुपारींवर पेटीची पुढची दोन-तीन वर्षं उभी असतात.

आणि त्या दुपारी बाहेर धोके कमी नसतात. तारेवर बसलेला वेडा राघू उडत्या माश्यांवरच जगतो. कोतवालही टपलेला असतो. त्याला राणी आणि कामकरी यांत फरक कळत नाही. कधी वारा फिरतो, कधी परतताना राणी शेजारच्या पेटीत शिरते आणि तिथल्या माश्या तिला मारतात. म्हणून या दिवसांत पेटीची जागा हलवू नये, तिच्यापुढचं झुडूप तोडू नये, दोन पेट्यांची अदलाबदल करू नये. राणी पहिल्या फेऱ्यांत घराची खूण मनात ठेवते, ती खूण मोडली तर ती परत कुठे येणार?

मिलनाच्या वेळाही ठरलेल्या असतात. श्रीलंकेत १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की एकाच ठिकाणी फुलोरीचे नर दुपारी बारा ते अडीच, सातेरीचे चार-सव्वाचारनंतर तासभर, आणि आग्याचे सूर्य मावळताना बाहेर पडत होते. प्रत्येक जातीची वेळ वेगळी, म्हणून गोंधळ होत नाही. जागेप्रमाणे वेळ मागेपुढे होते, पण आपल्यासाठी नियम सोपा आहे. राणी कुमारी असेपर्यंत दुपारनंतर पेटीला हात लावायचा नाही. राणी बाहेर गेली असताना आपण झाकण काढून, धूर देऊन माश्या बिथरवल्या, तर परत आलेल्या राणीलाच माश्या गोळा होऊन दाबून मारतात. पाहायचंच असेल तर सकाळी, आणि एकदाच.

माझ्या नात्यातल्या एक आपा रत्नागिरी जिल्ह्यात राहतात. पाच पेट्या आहेत, स्वतःच्या बचतीतून घेतलेल्या. गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्यांच्या दोन पेट्या पाठोपाठ फुटल्या. दहा तारखेपर्यंत दोन्हींतली राणीघरं कातरून राण्या बाहेर आल्याचं दिसलं. आपांनी झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तारीख लिहिली आणि पेट्या बंद केल्या. मध्ये चार दिवस आभाळ होतं. चोवीस तारखेला सकाळी उघडलं, तर दोन्हींत अंडं नाही. मुलगा म्हणाला, “अम्मी, पेट्या गेल्या. राणी मागवू या, नाहीतर तिसऱ्या पेटीत मिसळू.” आपा म्हणाल्या, “चौदाच दिवस झालेत बेटा. आधी विचारू या त्यांनाच.”

विचारायचं कसं, ती युक्ती प्रत्येक पेटीवाल्याने शिकून घ्यावी. आपांनी आपल्या चांगल्या पेटीतल्या दोन चौकटी घेतल्या. दोन्हींत ताजी अंडी आणि अगदी लहान अळ्या होत्या. त्यावरच्या माश्या ब्रशने झाडून, राणी सोबत येत नाही याची खात्री करून, एकेक चौकट त्या दोन पेट्यांत मधोमध ठेवली. पेटीत राणी असेल तर माश्या त्या अळ्यांना साध्या कामकरी माश्यांसारखंच वाढवतात. राणी नसेल तर दोन-तीन दिवसांत त्याच चौकटीवर राणीघरं बांधू लागतात. आपण शोधून राणी सापडत नाही, पण माश्यांना ती आहे की नाही हे तासाभरात कळलेलं असतं. चौकट फक्त त्यांचं उत्तर आपल्याला दाखवते.

अठ्ठावीस तारखेला पाहिलं. पहिल्या पेटीत एकही राणीघर नव्हतं, आणि शेजारच्या चौकटीत ताजी अंडी होती. राणी होतीच, आभाळामुळे थोडी उशिरा बाहेर गेली होती. दुसऱ्या पेटीत मात्र दिलेल्या चौकटीवर चार राणीघरं सुरू झाली होती. तिथली राणी बाहेर गेली ती परत आली नव्हती. आपांनी दोन चांगली राणीघरं ठेवली, बाकीची काढली, झाकणावरची जुनी तारीख खोडून नवी लिहिली. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात राणी जन्मली, अखेरच्या आठवड्यात अंडी दिसली. त्या पेटीने त्या वर्षी मध दिला नाही. पण दिलेल्या चौकटीतल्या अळ्या माश्या झाल्या, त्यांनी पेटी धरून ठेवली, आणि पावसाळ्याला ती जिवंत गेली. चोवीस तारखेलाच बाहेरची राणी सोडली असती तर पहिल्या पेटीत घरच्या राणीने किंवा माश्यांनी तिला मारलं असतं. पेटी मिसळली असती तर दोन राण्यांत एक गेली असती, कदाचित चांगली होती तीच.

झाकण न काढताही बरंच काही वाचता येतं. सकाळी पेटीसमोर दहा मिनिटं बसा. पायांवर परागाचे गोळे घेऊन माश्या आत जात असतील तर चांगली खूण आहे. पराग हे बाळांचं अन्न, ज्या घरात बाळांची आशा आहे तिथे ते आणलं जातं. माश्या शांत असतील तर उत्तम. राणी नसलेल्या पेटीचा आवाज वेगळा येतो, कण्हल्यासारखा, लांबवर ओढलेला. माश्या दारात सैरावैरा फिरतात. एका खुणेवर निर्णय घेऊ नये, पण दोन-तीन खुणा एकाच बाजूला बोलत असतील तर ऐकाव्यात. सकाळी पेटी उघडलीच, तर पोळ्याचा मधला भाग बघा. तिथली घरं घासूनपुसून चकचकीत केलेली, आणि भोवती पराग-मधाची कमान असेल, तर माश्यांनी राणीसाठी जागा तयार ठेवली आहे. आत मध भरलेला दिसला तर काळजी करावी.

अंडं ओळखायलाही सराव लागतो. सूर्य पाठीशी घ्या, उजेड खांद्यावरून घराच्या तळाशी पडू द्या. अंडं जेमतेम दीड मिलिमीटरचं, पांढरं, तांदळाच्या कणीहून बारीक. चाळिशी लागलेल्यांनी चष्मा घालावा, नाहीतर घरातल्या नातवाला बोलवावं. पहिल्या दिवशी अंडं तळाला उभं असतं, दुसऱ्या दिवशी कलतं, तिसऱ्या दिवशी आडवं पडतं. उभं अंडं दिसलं म्हणजे राणी कालपासून आजपर्यंत इथे होती, ती दिसो वा न दिसो.

अंडी दिसली की लगेच मिठाई वाटू नका. ती कुणाची, हे बघायचं असतं. राणीचं पोट लांब, तिचं अंडं घराच्या तळाशी मधोमध पडतं. नवी राणी पहिल्या दोन-चार दिवसांत कधी एका घरात दोन अंडीही घालते, त्याने घाबरू नये, ती लवकर सुधारते. पण एका घरात चार-पाच अंडी, भिंतींना चिकटलेली, कशीही विखुरलेली दिसली, तर ती कामकरी माश्यांनी घातली आहेत. राणी फार दिवस नसली की काही कामकरी माश्या अंडी घालू लागतात. त्यांना नर भेटलेला नसतो, म्हणून त्यातून फक्त नर निघतात. सातेरीत हे लवकर होतं, म्हणून सातेरीवाल्याला फार सुस्तही राहता येत नाही. शेवटची खात्री आठ-नऊ दिवसांनी होते, घरांवर झाकणं आली की. कामकरी माशीच्या घराचं झाकण सपाट आणि सलग पट्ट्यात असतं. नराचं झाकण फुगीर. कामकरी माश्यांच्या घरांत जागोजागी फुगीर झाकणं आली तर राणी वाया गेली, तिच्यासाठी आणखी थांबण्यात अर्थ नाही.

आपांची गोष्ट बायकांच्या बैठकीत सांगितली की कोणीतरी हसून म्हणतंच, “आमच्या सुनेचंही असंच चाललंय, दोन वर्षं झाली.” मला ही तुलना मान्य नाही, आणि ती तिथल्या तिथे थांबवते. राणीमाशीला अंडी घालण्यावाचून दुसरं काम नाही. घरात आलेली मुलगी तशी नाही. तिला शिक्षण आहे, मन आहे, नवऱ्याशी तिचं स्वतःचं नातं आहे, आणि अल्लाहने तिला अंड्यांच्या हिशेबासाठी निर्माण केलेलं नाही. पण पेटी उघडणाऱ्याकडून शिकायचं असेल तर जरूर शिका. दर जुम्म्याला फोन करून ‘काही खुशखबर?’ विचारणारी खाला, दर लग्नात पोटाकडे बघणारी शेजारीण, यांच्याने आजवर कुठलं काम लवकर झालं? झाकण वारंवार काढल्याने आत काही घडत नाही, आतल्यांचा जीव मात्र घाबरा होतो. आणि खरंच उशीर होत असेल, तर सल्ला घ्यायचा तो डॉक्टरचा, नवरा-बायको दोघांनी मिळून. बैठकीतल्या बायकांचा नव्हे.

सब्र या शब्दाचा अर्थ आपण कधीकधी फार स्वस्त करून टाकतो. हात बांधून बसणं, जे होईल ते होईल म्हणणं, याला सब्र म्हणतो. आपांनी जे केलं त्यात हात बांधलेले नव्हते. तारीख लिहिली होती. कोणत्या दिवशी बघायचं हे ठरलं होतं. बघायच्या दिवशी त्या बघायला गेल्या, आणि उत्तर मिळालं नाही तेव्हा विचारायची रीत त्यांना ठाऊक होती. मधल्या दिवसांत मात्र त्यांनी पेटीला तिचं काम करू दिलं. दोन पेट्यांत एकसारखीच वाट पाहिली, एकीत राणी आली, एकीत गेली. वाट पाहिली म्हणून सगळं मिळतंच असं नाही. पण नीट वाट पाहणाऱ्याच्या हातात, गेलं तरी पुढचा रस्ता उरतो.

ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांनी हे पाच मुद्दे कागदावर लिहून झाकणाच्या आत चिकटवावेत.

१. पेटी फुटली किंवा राणी गेली तो दिवस, आणि राणीघर कातरलेलं दिसलं तो दिवस, दोन्ही तारखा लिहा.

२. राणी जन्मल्यापासून दोन आठवडे पेटी उघडू नका. समोर बसून बघायला हरकत नाही. पेटी हलवू नका.

३. दोन आठवड्यांनी सकाळच्या उन्हात एकदा उघडा. अंडी असतील तर बंद करा आणि आठ-नऊ दिवसांनी झाकणं सपाट आहेत का बघा.

४. अंडी नसतील तर दुसऱ्या पेटीतली अंडी-अळ्यांची चौकट द्या आणि तीन-चार दिवसांनी राणीघरं आहेत का बघा. म्हणूनच एकच पेटी ठेवू नये, निदान दोन ठेवाव्यात. एकीची गरज दुसरी भागवते.

५. जन्मापासून चार आठवडे झाले आणि नीट अंडी नाहीत, तर आणखी थांबू नका. जवळच्या जाणत्या मधपाळाला दाखवा. माश्या बऱ्या संख्येने असतील तर नवी राणी किंवा राणीघर द्या. फारच थोड्या उरल्या असतील तर बारीक भोकं पाडलेला वर्तमानपत्राचा कागद मध्ये ठेवून राणी असलेल्या पेटीशी जोडा. कागद कुरतडेपर्यंत दोन्हीकडच्यांना एकमेकांचा वास ओळखीचा होतो आणि भांडण होत नाही.

आंब्याला मोहोर येईल, काजू फुलेल, तेव्हा पेट्या फुटायचे दिवस येतील. त्याआधी एक पेन्सिल दोऱ्याने बांधून पेटीच्या झाकणाजवळ अडकवून ठेवा.